माया सोडून शिवलेलं

शिवणकामात ‘माया’ हा शब्द फार व्यावहारिक अर्थानं येतो. शिवण जिथे पडणार त्या रेघेबाहेर जे जादा कापड सोडायचं, ती माया. अंग भरलं की ब्लाउज उसवून सैल करता यावा म्हणून शिंपी ती ठेवतो. मी मात्र एकदा नऊ इंचांच्या चौकोनाभोवती इंचभर माया सोडली आणि आत लाल धावदोऱ्याची कच्ची रेघ मारली, ती पाच अनोळखी बायकांसाठी. पुढचे पाच-सहा महिने तो चौकोन टपालानं त्यांच्या घरी फिरणार होता. प्रत्येकीनं त्यावर थोडं भरतकाम करायचं, पुढचीकडे पाठवायचं. तुमचे मणी, तुमचे टाके या रेघेच्या आत ठेवा, बाहेरचं कापड शेवटी शिवणीत जाणार आहे, एवढंच ती रेघ त्यांना सांगत होती.

लेकीकडे न्यू जर्सीला मुक्काम लांबला तेव्हा मी या प्रकारात शिरले. क्रेझी क्विल्टचे असे फेरे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत चालतात. त्यांना ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. शब्द जुन्या दर्यावर्दी लोकांचा. कप्तानाविरुद्ध तक्रार करायची, पण पहिली सही कुणाची हे कळता कामा नये, म्हणून खलाशी अर्जावर वर्तुळात सह्या करत. भरतकामाच्या वर्तुळातही पहिली-शेवटची कुणी नसते, असं म्हणायची पद्धत आहे. ते तितकंसं खरं नाही, पण त्याकडे नंतर येते.

क्विल्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोधडी येते, आणि पहिली गल्लत इथेच होते. गोधडी पांघरायची असते. जुन्या सुती साड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं ते एकजीव करायचे, की ऊब तयार. क्रेझी क्विल्ट ऊब देण्यासाठी जन्मलाच नाही. रेशीम, मखमल, साटीन यांचे वेडेवाकडे तुकडे मांजरपाटाच्या पायावर बसवायचे आणि दोन तुकड्यांच्या जोडावर दिसेल असं, मुद्दाम मिरवेल असं भरतकाम करायचं. आत कापूस बहुधा नसतोच. अस्तर खालून जागोजागी गाठी मारून धरलेलं असतं. दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या पाठीवर किंवा पियानोवर टाकायची ती वस्तू. धुवायची तर सोय नाहीच.

हा प्रकार आला कुठून याचं उत्तर बहुतेक पुस्तकं फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनाकडे बोट दाखवून देतात. सहा महिने चाललेल्या त्या प्रदर्शनाला जवळपास एक कोटी लोक येऊन गेले. जपानच्या दालनातल्या वस्तू पाहून अमेरिकन गृहिणी हरखल्या. पंखे, बगळे, एका कोपऱ्यात सरकवलेली नक्षी, दोन बाजू सारख्या असल्याच पाहिजेत या हट्टाला दिलेली सुट्टी. चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईवर बारीक तडे पडतात, त्याला इंग्रजीत ‘क्रेझ्ड’ म्हणतात. ‘क्रेझी’ हे नाव त्या तड्यांवरून पडलं, असंही सांगतात. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कनं १८७२ मध्ये स्थापन झाल्यावर चारच वर्षांत तिथे आपलं भरतकाम मांडलं होतं. ते पाहून कँडेस व्हीलर यांनी पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट काढली. घरंदाज पण पैशाची चणचण असलेल्या बायकांना सुईच्या जोरावर चार पैसे मिळावेत हा तिचा हेतू. म्हणजे एकाच प्रदर्शनातून दोन वाटा निघाल्या. एकीवर भरतकाम हा धंदा झाला, दुसरीवर हौस.

हौसेची वाट रुंद निघाली. १८८० च्या दशकाच्या मध्यावर या वेडानं कळस गाठला. आपल्याकडच्या वाचकांना तो काळ ओळखीचा वाटावा असा एक धागा आहे: १८८३ ते १८८६ या काळात आनंदीबाई जोशी अमेरिकेत होत्या, आणि त्यांतली डॉक्टरकीच्या शिक्षणाची वर्षं त्याच फिलाडेल्फियात गेली. त्या शहरातल्या दिवाणखान्यांत तेव्हा हे रेशमी पसारे मांडलेले असत. कापडाच्या गिरण्या कातरणांच्या पुड्या बांधून टपालानं विकत. सिगारच्या जुड्या बांधायच्या पिवळ्या फिती, निवडणुकीच्या प्रचारातल्या रेशमी फिती, नवऱ्याचा टाय, टोपीचं अस्तर, काहीच सुटत नसे. गिऱ्हाईक असल्याचं भासवून दुकानांतून रेशमाचे नमुने मागवायचे आणि ते क्विल्टला जोडायचे हाही उद्योग चाले, आणि व्यापारी त्यानं वैतागत. मासिकांतून तुकड्यांच्या अदलाबदलीच्या जाहिराती येत. देवाणघेवाण अशी पहिल्यापासून होती, पण ती कच्च्या मालाची. शिवायला मात्र जी ती आपापल्या घरी एकटी बसे, आणि कोपऱ्यात आपलं नाव आणि साल रेशमानं काढे. कोळ्याचं जाळं शुभ म्हणून प्रत्येकीला हवंच असे, पण आपलं जाळं शेजारणीपेक्षा बारीक व्हावं ही खरी ईर्षा.

त्या रेशमाचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोशातून आलेल्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुऊन काढला की त्याचं वजन सुमारे चौथाईनं घटतं. रेशीम विकायचं वजनावर. मग ते वजन भरून काढायला कथिलाचे, लोखंडाचे क्षार त्यात मुरवत. असं कापड हाताला भारदस्त लागे, सळसळही छान करी. काही दशकांनी त्याच्या ठिकऱ्या उडू लागल्या. आज संग्रहालयांतल्या क्रेझी क्विल्टांवर असे तुकडे दिसतात, जिथे रेशमाचा भुगा होऊन खालचा मांजरपाट उघडा पडलाय आणि त्यावर फक्त भरतकाम उभं आहे. कापड गेलं, टाके राहिले. व्यापाऱ्याच्या लबाडीनं घडवलेली ही गोष्ट आजही फेऱ्यात भाग घेणाऱ्या जुन्या जाणत्या बायका नवख्यांना सांगतात: जुनं रेशीम पाठवू नकोस, दुसरीच्या हातात फाटेल.

अनेक हातांनी एक कापड करायची रीत मात्र या वेडाहून जुनी आहे आणि तिचा दिवाणखान्याशी संबंध नव्हता. १८४० च्या दशकात न पुसणारी चांगली शाई मिळू लागली तेव्हा अमेरिकेत सह्यांचे क्विल्ट आले. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाला गावातल्या बायका एकेक चौकोन करून, त्यावर नाव घालून देत. परत भेट होईल अशी आशा कमीच. बाल्टिमोरचे आल्बम क्विल्ट त्याच सुमाराचे. त्यांतली कारागिरी इतकी देखणी की आज लोक त्या नावाखाली नुसती नक्षीच शिकतात, निरोपाचा भाग विसरतात.

१८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजातून १८० स्त्री कैदी इंग्लंडहून टास्मानियाला नेल्या गेल्या. तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळानं त्यांना सुया, दोरे आणि चिटाच्या चिंध्या दिल्या होत्या. साडेतीन महिन्यांच्या प्रवासात त्यांतल्या काहींनी मिळून २,८१५ तुकड्यांचा एक क्विल्ट केला. तो आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्यावर रक्ताचे बारीक डाग आहेत, सुई बोटात गेल्याचे. काही टाके सफाईदार, काही अगदी बोजड. कुणीतरी सराईत आणि कुणीतरी पहिल्यांदाच सुई धरणारी शेजारीशेजारी बसलेल्या कळतात.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत नेमकं उदाहरण १९४२ चं, सिंगापूरच्या चांगी तुरुंगातलं. जपान्यांनी स्त्रिया आणि मुलांना पुरुषांपासून वेगळं कोंडलं होतं. निरोप पाठवायला बंदी. एथेल मुलव्हॅनी या कॅनडाच्या बाईंनी सुचवलं की जखमी सैनिकांसाठी क्विल्ट करू, आणि प्रत्येकीला एकेक छोटा चौकोन देऊन त्यावर आपलं काहीतरी भरायला सांगितलं. असे तीन क्विल्ट झाले, प्रत्येकी ६६ चौकोनांचे. एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी, आणि परवानगी मिळावी म्हणून एक जपानी जखमींसाठी. नाव भरलेला चौकोन रुग्णालयात पोचला म्हणजे ती बाई अजून जिवंत आहे. कुणी फुलं काढली, कुणी जहाज, कुणी तुरुंगाची भिंत. त्याच तुरुंगातल्या गर्ल गाइड मुलींनी आपल्या बाईंच्या वाढदिवसासाठी चोरून षट्कोनांचा एक क्विल्ट केला. तो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये ठेवला आहे. भरतकामाच्या देवाणघेवाणीला कुणी ‘रिकामपणचा उद्योग’ म्हटलं की मला त्या चौकोनांची आठवण होते. वाद मात्र मी घालत नाही, कारण माझ्या फेऱ्यातल्या आम्ही सहाजणी खरोखरच रिकाम्या होतो.

तर आता हा आजचा फेरा चालतो कसा. १९८० च्या दशकात जुडिथ बेकर मोंतानो यांच्यासारख्या लेखिकांच्या पुस्तकांमुळे क्रेझी क्विल्ट पुन्हा लोकांच्या हाती आला, आणि या खेपेला तो एकटीचा राहिला नाही. पाच-सहाजणी जमतात. प्रत्येकीनं आपला चौकोन कोरा जोडून ठेवायचा: तुकडे बसवलेले, जोडांवर काहीही न भरलेलं. सोबत एक छोटी वही. त्यात आपले आवडते रंग, नको असलेल्या गोष्टी, एखादा विषय. समुद्र, बाग, आजीचं घर, काहीही. ठरलेल्या तारखेला चौकोन, वही आणि हवं तर थोडी लेस, मणी, दोऱ्याच्या लडी पाकिटात घालून यादीतल्या पुढच्या नावाला पाठवायच्या. महिनाभर मुदत. ती एक जोड भरते किंवा एखाद्या मोकळ्या तुकड्यावर चित्र काढते, वहीत काय केलं ते लिहिते, पाकीट पुढे. फेरा संपला की चौकोन घरी. दुसरा प्रकार थोडा निराळा: एकीनं एकाच रंगसंगतीचे सहा कोरे चौकोन करायचे, पाच वाटायचे, प्रत्येकीनं आपल्या वाट्याला आलेला एक पूर्ण करून परत द्यायचा. यात घरी जे येतं त्यात पाच स्वतंत्र हातांचे पाच चौकोन असतात. मला पहिला प्रकार जास्त अवघड आणि म्हणून जास्त खरा वाटतो, कारण त्यात आधीच्या हाताला उत्तर द्यावं लागतं.

याहून हलकेफुलके प्रकार पुष्कळ आहेत. चार बाय सहा इंचांची कापडी पोस्टकार्डं, तुकड्यांची आणि लेसची नुसती अदलाबदल, अडीच बाय साडेतीन इंचांची चित्रपत्रं, जी स्वित्झर्लंडच्या झ्युरिकमध्ये १९९७ ला सुरू झाली आणि भरतकामवाल्यांनीही उचलली. त्यांत गंमत आहे, जोखीम नाही. तयार वस्तू दिली, तयार वस्तू घेतली.

फेऱ्यातली जोखीम टाक्यांची नसते. टाके आपल्या शाळकरी वहीतलेच: हेरिंगबोन, साखळी, काज टाका, लेझी डेझी, गाठीचा टाका, देठ टाका. लडीतल्या सहा पदरांतले दोन किंवा तीन पदर सुईत ओवायचे आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखी पावलं टाकत जायचं. कला आहे ती एकावर एक थर देण्यात. आधी हेरिंगबोनची रांग, मग तिच्या शेंड्यांवर गाठी, मग मधल्या फटीत मणी. आणि इथेच तो प्रश्न उभा राहतो. तिसऱ्या बाईच्या हाती चौकोन येतो तेव्हा पहिलीची जोड नुसत्या हेरिंगबोनची, थोडी उघडी वाटते. तिच्यावर गाठी घालाव्यात की नाही? ते काम अपुरं आहे, की तिला तसंच हवं होतं?

वेगवेगळ्या फेऱ्यांत याचे वेगवेगळे नियम असतात. कुठे दुसरीच्या टाक्याला हातच लावायचा नाही. कुठे वहीत ‘यावर भर घातली तरी चालेल’ असं लिहिलं असेल तरच. कुठे सरसकट मोकळीक. नवख्यांना मोकळीक आवडते, मुरलेल्यांना नियम. पहिल्या हाताला सगळा चौकोन मोकळा असतो आणि शेवटच्या हाताला उरलेल्या फटी, म्हणून वर म्हटलं की पहिली-शेवटची कुणी नसते हे खरं नाही. शेवटच्या बाईचं काम वेगळं. तिनं नवं काही काढायचं नसतं, विसंगत झालेलं सांधायचं असतं. एखादं बटण, दोन पानं, जाळ्यातून लोंबणारा एक कोळी, आणि चौकोन जागेवर येतो. हे काम वहीतल्या नोंदीत सगळ्यात कमी ओळींचं असतं.

बाकी भांडणं कुठल्याही भिशीत होतात तशीच. कुणी मुदत पाळत नाही, आणि एक अडकली की मागे पाकिटं तुंबतात. कुणाच्या हातात सफाई कमी. तिचं काम आलं की वहीत ‘रंग फार गोड’ असं लिहून वेळ मारून नेतात. टपालात पाकीट गहाळ झालं तर भरपाईला कोरा चौकोन करून भरून देणारी एखादी आधीच नेमलेली असते, तिला ‘एंजल’ म्हणतात. पण गेलेल्या कापडात आईच्या लग्नातली लेस असेल तर एंजल काय करणार? म्हणून जे गमावणं परवडणार नाही ते पाठवू नये असा अलिखित नियम आहे, आणि तो सगळ्याच मोडतात.

मीही मोडला. माझ्या चौकोनात मधोमध आजीच्या पैठणीच्या पदराचा मोर होता. तिकडे आपल्या साड्यांच्या तुकड्यांना फार मागणी. जुन्या साड्या फाडून केलेल्या रेशमी फितींच्या गुंड्या तिथल्या दुकानांत विकत मिळतात. हे मला थोडं खटकतं. साडीचा इतिहास गुंडीबरोबर येत नाही, आणि देवाणघेवाणीतला एक हात नेहमी अदृश्य राहतो, तो विणणाऱ्याचा. याची जाणीव असलेला एक मोठा प्रकल्प आहे. कर्स्टी मॅकलाउड या ब्रिटिश कलावतीनं गडद लाल रेशमाच्या एका पोशाखाचे तुकडे २००९ पासून १४ वर्षं जगभर फिरवले. ५१ देशांतल्या ३८० जणांनी, बहुतेक बायकांनी, त्यावर भरलं, आणि ज्यांच्याकडून काम मागवून घेतलं होतं त्यांना त्याचे पैसे दिले गेले. हौशी फेऱ्यांत पैशाचा प्रश्न येत नाही, कारण सगळ्याच सारख्या सुखवस्तू असतात. ही त्यांची मर्यादा आहे, आणि ती मान्य करायला फारसं कुणी तयार नसतं.

आपल्याकडे एकाच कापडावर अनेक हात ही नवलाई नाही. उन्हाळ्यात अंगणात गोधडी पसरून चारीकडून चारजणी बसतात, तेव्हा कुणाचा टाका कुठला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायका, ज्यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले, ‘कवंदी’ नावाची आपली गोधडी कडेपासून आत शिवत जातात आणि जाता जाता ठिगळं जोडतात. चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पुरी मानत नाहीत. या कापडांत नाव नसतं, साल नसतं, वहीही नसते. परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही, कारण कापड घराचं असतं. क्रेझी क्विल्टच्या फेऱ्यात कापड एकीचं आणि ते चालतं मात्र सगळ्यांच्या हातून. म्हणून त्याला नियम लागतात. गोधडीची सवय असलेली मी त्या नियमांना प्रथम हसले होते.

चौकोन परत आला तो डिसेंबरात. पाकीट फोडलं आणि पहिलं दिसलं ते मोराच्या मानेवर पसरलेलं चंदेरी दोऱ्याचं कोळ्याचं जाळं. मोर अर्धा झाकलेला. मी लेकीसमोर बरंच काही बोलले. जाळं सुरेख होतं, दर दुव्यावर मोहरीएवढा मणी होता, म्हणून राग आणखी आला. जेवण झाल्यावर वही उघडली. चौथ्या नोंदीत त्या बाईनं लिहिलं होतं की मोरातली जर तीन ठिकाणी तुटून वर आली होती आणि दर टाक्याला आणखी उसवत होती. पक्षी वाचवायला काहीतरी वरून घालणं भाग होतं. कळवायला वेळ नव्हता, मुदत संपत आली होती.

विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. भिंग घेऊन मी सुईच्या टोकानं जाळ्याची एक कडा हळूच उचलली. मानेजवळ, डोळ्याखाली आणि तुऱ्याशी जरीची टोकं निघालेली होती, आणि प्रत्येक टोक एकेका मण्याखाली दाबून शिवलेलं होतं.